मोजायला लाज कसली?

मंडळी, अमेरिकेहून परत आल्यावर जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" डोंगर पाहिले, बर्फ पाहिलं, नातीची शाळा पाहिली. हे सगळं सांगून झालं की मी हळूच सांगतो, "आणि एका जुन्या पिकअप ट्रकच्या बाजूला पुठ्ठ्यावर आडवा होऊन चाकाच्या फेऱ्या मोजल्या." लोक हसतात. आमच्या हिने तर नाशिकच्या वहिनींना फोनवर सांगितलं, "ह्यांना आता तिकडे गॅरेजात नोकरी लागलीय." हसू देत. त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो आज लिहून टाकतो. पटतो का बघा.

तर झालं असं. आमचे चिरंजीव कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतात. तिकडच्या लोकांना उन्हाळा आला की डोंगरात जाऊन राहायचं वेड असतं. गाडीमागे चाकांचं घर जोडायचं आणि निघायचं. चिरंजीवांनी एका मित्राकडून असं एक घर, म्हणजे कॅम्पर, घेतलं होतं. सामान-पाणी भरल्यावर त्याचं वजन सात हजार पौंडांच्या वर, म्हणजे तीन टनांहून जास्त. ते ओढायला साधी मोटार चालत नाही, पिकअप लागते. नवी परवडत नाही. म्हणून २०२४ च्या जूनमध्ये जुन्या पिकअपचा शोध चालू होता आणि आम्ही दोघं नेमके तेव्हाच तिथे होतो.

अशी गाडी घेताना लोक इंजिन विचारतात, किती मैल चालली ते विचारतात. पण वजन ओढायचं असेल तर आणखी एक आकडा तितकाच महत्त्वाचा असतो आणि तो बाहेरून कुठेच दिसत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो भोपळ्यासारखा गोल डबा असतो ना, तिथला. आपल्याकडे गॅरेजात त्याला क्राऊन-पिनियन म्हणतात. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, तिथे एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, आणि ते छोटं चाक एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. मोठ्याचे दाते भागिले छोट्याचे दाते, हा तो आकडा. मोठ्याला ४१ आणि छोट्याला १२ असतील तर ३.४२. छोट्याला ११ असतील तर ३.७३, १० असतील तर ४.१. म्हणजे रस्त्यावरचं चाक एकदा फिरायला शाफ्टला तितक्या फेऱ्या घ्याव्या लागतात.

सायकलवाल्यांना हे चटकन कळेल. माझ्या जुन्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ होते. पेडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरायचं. सपाटीला मजा, चढावर जीव जायचा. ट्रकमध्ये गणित उलट्या बाजूने असतं इतकंच. आकडा मोठा तर जोर जास्त, पण इंजिनाला जास्त फिरावं लागतं आणि पेट्रोल जास्त जळतं. आकडा लहान तर मोकळ्या रस्त्यावर गाडी आरामात धावते, पण मागे ओझं असताना चढावर दमते. दोन्ही आपापल्या जागी चांगलेच. एक बरा नि दुसरा वाईट असं नाही.

इथे जरा थांबून मला कौतुक वाटलेली एक गोष्ट सांगतो. हे आकडे असे वेडेवाकडे का? सरळ ४० आणि १० दाते देऊन बरोब्बर ४ का करत नाहीत? कारण मग छोट्या चाकाचा तोच तो दाता मोठ्या चाकाच्या त्याच त्या चार दात्यांना जन्मभर भेटत राहील. एखादा दाता जरा खडबडीत असला तर तो नेहमीच्या सोबत्यांनाच झिजवणार. ४१ ही मूळ संख्या. तिच्यासमोर १२ दाते ठेवले तर सामाईक अवयव नाही, त्यामुळे तीच जोडी पुन्हा भेटायला ४९२ दात्यांच्या भेटी व्हाव्या लागतात. मधल्या काळात प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटून घेतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. मी चौतीस वर्षं शाळेत होतो. मराठीचा बी.ए., पण शिक्षक कमी म्हणून पाचवी-सहावीचं गणितही माझ्याकडेच असायचं. मूळ संख्या शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" असं एखादा पोरगा विचारायचा. मी म्हणायचो, "परीक्षेत चार मार्क." आता त्याला शोधून काढून हे सांगावंसं वाटतं.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

एक गाडी पसंत पडली. शेव्हरोले सिल्व्हराडो, २०१४ ची, ५.३ लिटरचं इंजिन, टेक्सासातून आलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी. विकणारे गृहस्थ साठीचे, शेतकरी वळणाचे, बोलायला मोकळे. मला एकदम "सर" म्हणाले, त्यामुळे माझं मत आधीच चांगलं झालं! त्यांनी सांगितलं, मागचा आकडा ३.४२ आहे. पुराव्याला त्यांनी डॅशबोर्डचा खण उघडून दाखवला. त्या कंपनीच्या त्या काळातल्या गाड्यांत खणाच्या आत एक चिकटपट्टी असते आणि तिच्यावर तीन-तीन अक्षरांचे पुष्कळ संकेत छापलेले असतात. गाडी कारखान्यात घडवताना तिच्यात काय काय घातलं त्याची ती यादी. जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. या पट्टीवर स्वच्छ जीयू६ होतं. चिरंजीव खूष. कारण त्याच कंपनीच्या तक्त्यात, तीच गाडी, तेच इंजिन, पण ३.०८ असेल तर ओढायचं वजन ३.४२ पेक्षा हजार पौंडांहून कितीतरी जास्त कमी होतं. ३.४२ असेल तर आमचं घर आरामात ओढलं जाणार होतं. ३.०८ असेल तर नाही.

तोंडी सांगणं आणि छापील कागद, दोन्ही जुळले. आणखी काय हवं?

मग आम्ही गाडी चालवून पाहायला निघालो. चिरंजीव चालवतोय, शेजारी ते गृहस्थ, मागे मी आणि नात. नातीच्या हातात फोन. तिचं वय दहा, पण त्या फोनवर रस्ता बघणं, वेग बघणं तिला सगळं येतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुझा काटा ५८ दाखवतोय आणि इथे ६५ येतंय." चिरंजीव म्हणाला, "फोनचं काही खरं नसतं." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अजून तसंच आहे." विषय तिथेच संपला. म्हणजे मोठ्यांनी संपवला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. थोडाफार फरक कुठल्याही काट्यात असतो, पण सहा-सात मैल म्हणजे दर शेकडा दहा. उतरल्यावर मी चिरंजीवाला बाजूला घेऊन मराठीत विचारलं, "हा काटा वेग ओळखतो कसा?" तो म्हणाला, "शाफ्टच्या फेऱ्या मोजतो, त्या ३.४२ ने भागतो, आणि चाकाच्या परिघावरून वेग काढतो." मी म्हटलं, "मग भागायचा आकडाच चुकीचा असेल तर?" तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी जमिनीवर बसून हिशेब केला. खरा आकडा ३.०८ असेल आणि काटा ३.४२ ने भागत असेल, तर खऱ्या ६५ ला काटा किती दाखवेल? ६५ गुणिले ३.०८ भागिले ३.४२. उत्तर आलं साडेअठ्ठावन्न.

घाई करायला नको होती. टायर मोठे घातले तरी काटा असाच कमी दाखवतो. म्हणून आधी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेलं टायरचं माप आणि प्रत्यक्ष टायरवरचं माप ताडून पाहिलं. तेच होतं. म्हणजे टायर निर्दोष.

आता खरं सांगतो. यापुढे काय करायचं ते चिरंजीवाला माहीत होतं. त्याने ते वाचलेलं होतं, व्हिडिओही पाहिले होते. चाक उचलायचं आणि फेऱ्या मोजायच्या, इतकं सोपं. पण तो म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. इतका चांगला माणूस आहे. त्याच्या दारात त्याचीच गाडी जॅकवर चढवून मोजत बसायचं म्हणजे, तुम्ही खोटं बोलताय असं तोंडावर म्हटल्यासारखं आहे. आपण इथे बाहेरचे." मग तोच म्हणाला, "पॉइंट तीन-चारचा तर फरक. बघू नंतर."

हे ऐकलं आणि मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

१९८६ साली मी एक प्लॉट घेतला होता. विकणारे ओळखीचे, माझ्याहून वयाने मोठे, येता-जाता नमस्कार होणारे. कागदावर ४० बाय ५०, म्हणजे दोन हजार चौरस फूट. सासऱ्यांनी सांगितलं होतं, "एकदा टेप लावून घ्या." टेप विकत आणला, पिशवीत घातला, प्लॉटवर गेलो. ते गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन आले होते. मोठ्या प्रेमाने बोलत होते. माझी टेप बाहेर काढायची हिंमत झाली नाही. माणूस काय म्हणेल? इतक्या विश्वासाने देतोय आणि हा मोजतोय! टेप पिशवीतच राहिला. १९९४ मध्ये घर बांधायला काढलं तेव्हा रीतसर मोजणी झाली आणि ४० च्या जागी साडेछत्तीस भरले. पावणेदोनशे चौरस फूट गायब. तोपर्यंत ते गृहस्थ हयात नव्हते. ते फसवत होते की त्यांनाही कुणी तसंच सांगितलं होतं, मला आजही माहीत नाही. आणि खरी सल तीच आहे. त्या दिवशी टेप लावला असता तर दोघांनाही कळलं असतं. न मोजल्यामुळे माझ्या मनात एका मेलेल्या माणसाविषयी तीस वर्षं संशय राहिला. मोजलं असतं तर कदाचित राहिला नसता.

आपल्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. हिने मला ही म्हण त्या वर्षी इतक्यांदा ऐकवली की शेवटी मी मुलांना वाक्यात उपयोग करायला तीच देत असे. पण म्हण शिकवून भीड जात नाही. मुलाने माझी म्हण घेतली नाही, भीड तेवढी घेतली.

म्हणून त्या दिवशी मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या गृहस्थांना सरळ विचारलं. म्हटलं, "माझी नात या गाडीत बसणार आहे, मागे तीन टन ओझं असणार आहे आणि समोर डोंगर आहे. काटा आणि फोन जुळत नाहीत. तुमची हरकत नसेल तर आपण तिघं मिळून चाकाच्या फेऱ्या मोजू या का?" चिरंजीव खाली मान घालून उभा. ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि जॅक, दोन लोखंडी स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे आणि खडू घेऊन बाहेर आले. खडू! मंडळी, चौतीस वर्षं जो हातात धरला तो खडू.

आता मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण कुणाला उपयोग होईल. सपाट जागा हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, कारण मागचं चाक फिरवायचं म्हणजे हँडब्रेक सोडावा लागतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी लागते. मागचं एक चाक जॅकने उचलायचं आणि गाडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवायचा नाही. अंग गाडीखाली घालायचंच नाही. बाजूला आडवं झालं तरी शाफ्ट दिसतो. शाफ्टवर खडूची एक खूण, टायरवर एक खूण. एकाने चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या.

इथे एक मेख आहे. एकच चाक उचललं असेल तर त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे हिशेबातली एक फेरी. का? कारण मधलं मोठं दातेरी चाक दोन्ही बाजूंच्या चाकांची सरासरी घेतं. जमिनीवरच्या चाकाच्या शून्य फेऱ्या, उचललेल्याच्या दोन. शून्य अधिक दोन, भागिले दोन, बरोबर एक. सरासरी लोखंडात बसवलेली मी पहिल्यांदा पाहिली. ज्या गाडीत दोन्ही चाकं एकत्र फिरतात, तिथे दोन्ही उचलून एक फेरी मोजायची.

एकाच फेरीवरून ३.०८ की ३.४२ हे डोळ्यांना नीट ठरवता येत नाही. "तीन आणि वर थोडं" इतकंच कळतं आणि ते थोडं आपल्या मनाप्रमाणे लहानमोठं होतं. म्हणून दहा फेऱ्यांचा हिशेब करायचा, म्हणजे उचललेलं चाक वीस वेळा फिरवायचं. दशांश चिन्ह आपोआप एक घर सरकतं. ३.४२ असेल तर शाफ्ट ३४ हून थोडा जास्त फिरेल, ३.०८ असेल तर ३१ ला थोडा कमी. तीन फेऱ्यांहून जास्त फरक. तो आंधळ्यालाही चुकायचा नाही.

चिरंजीव चाक फिरवायला, नात चाकाच्या फेऱ्या मोजायला, मी पुठ्ठ्यावर आडवा होऊन शाफ्ट मोजायला. पहिल्यांदा मध्येच नातीचं आणि माझं चुकलं, ते सोडून दिलं. दुसऱ्यांदा वीस फेऱ्यांना शाफ्ट ३१ ला जरासा कमी फिरला. मी काही बोललो नाही. गृहस्थांना म्हटलं, आता तुम्ही मोजा. त्यांनी गुडघे टेकले आणि मोठ्याने मोजलं. त्यांचंही ३१ ला जरासं कमी.

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांना आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी मागून घरघर येऊ लागली होती. एका गॅरेजवाल्याने जुन्या गाड्यांच्या यार्डातून अख्खं हाऊसिंग आणून बसवलं होतं. घरघर थांबली, ह्यांनी पैसे दिले, विषय संपला. आतला आकडा तोच आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, समोरच्याने सांगितलं नाही. खणातली पट्टी तर बिचारी जीयू६ म्हणत राहिली. ती खोटं बोलत नव्हती. ती त्या गाडीचा जन्मदाखला होती. गाडी जन्मली तेव्हा जे खरं होतं ते ती सांगत होती. पुढे आयुष्यात काय घडलं ते जन्मदाखल्यावर कसं येणार?

आणि आणखी एक. काटा कमी दाखवत होता म्हणजे मैलही कमीच मोजले जात होते. ते हाऊसिंग बसवल्यापासून मीटरवर दहा मैल पडले की गाडी खरी अकराच्या आसपास चालली होती. तेलपाणी बदलायच्या वेळा त्या मीटरवरूनच ठरत होत्या. त्यांना स्वतःलाच या गोष्टीचा मोठा धक्का बसला. ते दरवर्षी याच गाडीमागे नातवंडांची बोट लावून डोंगरापलीकडच्या तळ्यावर जात असत.

त्या डोंगराविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर इतका काथ्याकूट कशाला असं वाटेल. डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर वसलंय. तिथून पश्चिमेला निघालेला मोठा रस्ता सुमारे ११,००० फुटांवर एका बोगद्यातून पलीकडे जातो. आयझेनहॉवर बोगदा, १९७३ मध्ये सुरू झालेला. हवा विरळ होत जाते तसं साध्या इंजिनाचं बळ दर हजार फुटांना तीनेक टक्के कमी होतं. म्हणजे वरपर्यंत जाईतो जवळजवळ एक तृतीयांश गेलेलं असतं. आणि खरी परीक्षा उतारावर. मैलोनमैल उतार. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला वाळू-खडीचे चढते फाटे केलेले आहेत. आमच्या कसारा घाटात जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. म्हणजे इंजिनाने गाडी धरून ठेवायची, ब्रेकने नाही. मागचा आकडा लहान असेल तर त्याच गियरमध्ये इंजिनाची ही धरही कमी पडते. "पॉइंट तीन-चारचा फरक" म्हणजे तो हा.

काही जण विचारतील, हे सगळं इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरून कळलं नसतं का? कळतं, पण कसंबसं. सूत्र आहे: ताशी मैल गुणिले ३३६ गुणिले मागचा आकडा गुणिले वरच्या गियरचा आकडा, भागिले टायरची उंची इंचांत. तो ३३६ कुठून आला हे मी आधी काढलं, त्याशिवाय मला चैन पडेना. मैलाचे इंच ६३,३६०, तासाची मिनिटं ६०, भागाकार १,०५६, त्याला ३.१४ ने भागा. या गाडीला ६५ च्या वेगाला सहाव्या गियरमध्ये ३.४२ असेल तर मिनिटाला साधारण १,५९० फेऱ्या, ३.०८ असेल तर १,४३०. काट्याच्या जाडीत हरवेल इतका फरक. शिवाय टायर किती झिजलाय त्यावरही बदलणार. डब्याचं झाकण उघडून दाते मोजले तर शंकाच नको, पण तेल काढावं लागतं आणि विकणाऱ्याच्या दारात ते करता येत नाही. खडू आणि वीस फेऱ्या, याहून स्वस्त आणि सरळ साक्षीदार नाही.

आता माझं मत. वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत तीन साक्षीदार असतात. माणूस, कागद आणि वस्तू स्वतः. माणूस त्याला जे सांगितलं गेलं ते सांगतो. कागद ज्या दिवशी छापला त्या दिवसाचं सांगतो. आज काय आहे ते फक्त वस्तू सांगते, आणि विचारल्याशिवाय सांगत नाही. आपण पहिल्या दोघांना विचारून थांबतो, कारण तिसऱ्याला विचारणं म्हणजे पहिल्या दोघांचा अपमान असं आपल्याला वाटतं.

यावर आमच्या सूनबाईंनी मुद्दा काढला, तो योग्य आहे. ती म्हणाली, "बाबा, असं सगळं मोजत बसलं तर जगायचं कधी? विश्वासावरच जग चालतं ना?" चालतं. मी भाजीवाल्याचा काटा तपासत नाही, रिक्षावाल्याच्या मीटरशी वाद घालत नाही. पण मी दोन गोष्टी बघतो. चुकलं तर काय जाणार, आणि मोजायला किती लागणार? इथे चुकलं तर घाटात माझी नात होती, आणि मोजायला लागला अर्धा तास. असं गणित असताना न मोजणं हा विश्वास नाही, तो आळस आहे किंवा भीड आहे. आपण त्याला विश्वासाचं नाव देतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं.

आणि मोजायचं ते समोरासमोर. मागून गुपचूप मोजलं तर तो संशय. "या, आपण मिळून मोजू" म्हटलं तर तो आदर. त्यात समोरच्यालाही खरं कळण्याची संधी असते. त्या गृहस्थांना जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते अर्ध्या तासात कळलं. त्यांना अपमान वाटला नाही. उलट जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि नातीला तो खडू देऊन टाकला.

गाडी आम्ही घेतली नाही. त्यांनी किंमत कमी करायची तयारी दाखवली, पण किंमत कमी करून डोंगर कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जाहिरातीत ३.४२ च्या जागी ३.०८ आलेलं चिरंजीवाने मला दाखवलं. ज्याला रिकाम्या सपाट रस्त्यावर फिरायचंय त्याला ती गाडी उत्तम आहे, आणि आता ती योग्य माणसाकडे जाईल. तीन आठवड्यांनी आम्हाला दुसरी मिळाली. तिथे मला काही बोलावं लागलं नाही. चिरंजीवानेच गाडीवाल्या बाईंना विचारलं, "आपण मिळून फेऱ्या मोजू या का?" विचारताना त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने विचारलं. चौतीसला थोडी जास्त. जीयू६ आणि वस्तू, दोघांची साक्ष जुळली.

मला एकच वाईट वाटतं. गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मी मुलांना मजूर दिले, दिवस दिले, हौद आणि नळ दिले. एकदाही वर्गाबाहेर नेऊन म्हटलं नाही की सायकल उलटी करा, खडूने खूण करा आणि मोजा. शाळेच्या दारात पन्नास सायकली उभ्या असायच्या. मीही माझ्या सायकलीचे दाते मोजले होते ते एकटाच, एका रविवारी, मागल्या दारी. कुणी पाहू नये म्हणून.

तेव्हा ज्यांच्या घरी नातवंडं आहेत आणि सायकल आहे, त्यांनी या रविवारी सायकल उलटी करून पुढचे दाते आणि मागचे दाते मोजावेत. भागाकार करावा, आणि मग पेडल दहा वेळा फिरवून मागच्या चाकाच्या फेऱ्या मोजून उत्तर जुळतं का ते बघावं. चेन न सुटेल याची काळजी घ्यावी आणि बोटं लांब ठेवावीत. अंगणात, सगळ्यांच्या देखत. आणि तुमचं उत्तर मला जरूर कळवा.